डॉलर मुंबईत, महागाई येडगावात

रुपया घसरला की आपल्याकडे दोन ठरावीक संवाद ऐकू येतात. विरोधी बाकांवरून राष्ट्राची अब्रू गेल्याचा टाहो फोडला जातो आणि सत्ताधारी बाकांवरून ‘रुपया पडला नाही, डॉलर चढला’ असा खुलासा येतो. निवडणुकीनंतर बाकांची अदलाबदल झाली की संवादांचीही होते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली, तेव्हाही याहून वेगळे काही घडले नाही. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. रुपयाचा भाव अमुक एका पातळीच्या आसपास राहावा असे जेव्हा ठरवले जाते, तेव्हा तो तसा राखण्यासाठी लागणारे रुपये येतात कोठून आणि त्यांची किंमत कोण मोजतो?

अर्थशास्त्राच्या पंडितांनी हा विषय इंग्रजी परिभाषेच्या कुंपणात असा काही कोंडून ठेवला आहे की, सर्वसामान्य माणसाने त्यात डोके घालू नये असाच सर्वांचा समज झाला आहे. विनिमय दर म्हणजे निर्यातदार, बँका आणि परदेशी जाणारे विद्यार्थी यांचा प्रश्न, आणि महागाई म्हणजे गृहिणीचा प्रश्न, अशी ही वाटणी आहे. वस्तुतः ही दोन्ही एकाच नाण्याची अंगे आहेत, आणि हे समजून घेण्यासाठी लंडन वा न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. जुन्नर तालुक्यातील येडगावपर्यंत गेले तरी पुरे.

येडगाव नारायणगावाजवळ कुकडी नदीवर वसले आहे. त्याचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते धरणामुळे. हे धरण आकाराने फार मोठे नाही, पण कुकडी प्रकल्पाची सारी मदार त्यावर आहे. वरच्या अंगाच्या माणिकडोहचे पाणी नदीतून आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्यातून येथे येते आणि येथून कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. आवर्तन केव्हा सुटणार, किती दिवसांचे सुटणार, यावरून दोन-तीन जिल्ह्यांचे राजकारण तापते, ते या धरणाच्या दरवाजांवरून.

आता कल्पना करा, उद्या वरून आदेश आला की, येडगावच्या जलाशयाची पातळी बोटभरही वर चढता कामा नये. आदेश ऐकायला सोपा आहे. पण मग माणिकडोहातून आणि डिंभ्यातून जेवढे पाणी येईल तेवढे मुकाट्याने कालव्यात सोडणे भाग आहे. श्रीगोंद्याला त्याची गरज आहे की नाही, कर्जतच्या शेतात आधीच पाणी साचले आहे काय, हे विचारण्याची सोय उरत नाही. पातळी ठरवणाऱ्याने कालव्याचा विसर्गही ठरवून टाकलेला असतो. फक्त त्याने तो तोंडाने उच्चारलेला नसतो.

विनिमय दराचे तंत्र हेच आहे. परदेशी गुंतवणूकदार डॉलर घेऊन देशात येतात. डॉलरांचा लोंढा वाढला की डॉलर स्वस्त आणि रुपया महाग होऊ लागतो. रुपया महाग झाला तर निर्यातदार ओरडतात, म्हणून रिझर्व्ह बँक बाजारात उतरून डॉलर विकत घेते आणि ते विकणाऱ्या बँकेच्या खात्यावर रुपये जमा करते. हे रुपये कोणा करदात्याने भरलेले नसतात, कोणा ठेवीदाराने ठेवलेले नसतात. ते त्या क्षणी जन्माला येतात. बँका या नव्या पैशाच्या आधारावर कर्जे देतात, कर्जाच्या पुन्हा ठेवी होतात, आणि मूळच्या एका रुपयाचे बाजारात अनेक रुपये होऊन फिरू लागतात. माल तेवढाच, रुपये अधिक. साहजिकच प्रत्येक रुपयाची खरेदीची ताकद घटते. धरणाशी तुलना येथे थांबते, कारण कालव्याचे पाणी जमिनीत मुरते तरी. रुपये मुरत नाहीत.

देशाने आपल्या दाराशी परकीय भांडवल मोकळे येऊ द्यावे, रुपयाचा भावही आपल्या मनाप्रमाणे राखावा आणि वर देशातील पैसा व व्याजदरही आपल्याच हाती ठेवावेत, या तीन गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. दोन निवडल्या की तिसरी हातून जाते. हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असते. राज्यकर्त्यांच्या भाषणात ते कधी नसते.

गोखल्यांनी विचारलेला प्रश्न

ही तक्रार नवी नाही. ब्रिटिश राजवटीत १८९३ साली टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद झाल्या आणि त्यानंतर रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स राखण्याचे धोरण आले. लंडनमध्ये बसलेला भारतमंत्री तेथील व्यापाऱ्यांना हुंड्या विकून पौंड गोळा करी, आणि त्या हुंड्यांपोटी हिंदुस्थानात रुपये दिले जात. पौंड तिकडे साठत, रुपये इकडे ओतले जात. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०८ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात या वाढत्या रुपयांकडे बोट दाखवले आणि चलन असे एकाएकी फुगवले तर सर्वच वस्तूंचे भाव चढणार, असे सरकारला सुनावले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या माणसाला ही बेरीज कळायला अवघड नव्हती. सरकारला मात्र ती पटायला पुढे महागाईची चौकशी करणारी समिती नेमावी लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात हेच सूत्र मुळापर्यंत नेले. रुपयाचा परदेशातील भाव स्थिर ठेवण्याच्या खटपटीत त्याची देशांतर्गत खरेदीची ताकद वाऱ्यावर सोडली जाते, आणि चलन काढणाऱ्याच्या हाती मनमानी दिली की त्याची किंमत गरिबाला मोजावी लागते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या किती पुढाऱ्यांनी हा ग्रंथ उघडून पाहिला आहे, हा प्रश्न विचारून कोणाला अडचणीत टाकण्यात अर्थ नाही.

या तंत्राचे सर्वांत क्रूर रूप दिसले ते दुसऱ्या महायुद्धात. रुपया एक शिलिंग सहा पेन्स या दराने पौंडाला बांधलेला होता आणि त्या दराने पौंड घेण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेवर कायद्यानेच होते. ब्रिटनने युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, कापड, ताग, पोलाद उचलले आणि त्याचा मोबदला लंडनमधील खात्यात पौंडांच्या आकड्यांनी मांडला. त्या आकड्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक येथे नोटा छापत राहिली. युद्धारंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपताना हा आकडा ११०० कोटींच्या पुढे गेला होता. घाऊक भाव अडीच पटींच्या आसपास चढले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, त्यामागे जी अनेक कारणे होती त्यांत चलनाचा हा महापूरही होता. ज्याच्या हाती नव्या नोटा आधी पोचल्या त्या ठेकेदाराने तांदूळ उचलला. ज्याच्या हाती त्या शेवटी पोचल्या, किंवा पोचल्याच नाहीत, तो शेतमजूर रस्त्याच्या कडेला पडला.

चिंतामणराव देशमुख त्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. लंडनमध्ये साठलेल्या त्या पौंडांच्या वसुलीसाठी त्यांना पुढे किती खस्ता काढाव्या लागल्या हा वेगळा इतिहास आहे. येथे ध्यानात घ्यायचे ते एवढेच की, गंगाजळी फुगलेली असणे आणि देश सुखात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९४५ साली हिंदुस्थानची परकीय गंगाजळी अभूतपूर्व होती. जनतेच्या अंगावर मात्र कपडा नव्हता.

एकतीस रुपये सदतीस पैसे

स्वतंत्र भारतात हा खेळ नव्या वेषात आला. १९९१ साली परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली, देशाचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकण्याची नामुष्की आली, आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. त्या अपमानातून धडा घेऊन गंगाजळी वाढवण्याचे धोरण आखले गेले, यात गैर काही नव्हते. ज्याच्या घरातील मंगळसूत्र एकदा सावकाराकडे गेले आहे, तो पुढे चार पैसे गाठीला बांधणारच.

पण मार्च १९९३ मध्ये रुपयाचा भाव बाजारावर सोडल्याची घोषणा झाली आणि पुढे काय झाले? जवळजवळ अडीच वर्षे डॉलरचा भाव ३१ रुपये ३७ पैशांवर खिळून राहिला. बाजारावर सोडलेली वस्तू अडीच वर्षे एका पैशानेही हलत नाही, असा बाजार नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला पाहायला मिळाला तर तो आनंदाने वेडा होईल! अर्थात तो बाजार नव्हताच. परदेशी गुंतवणूक संस्थांचे डॉलर वाहून येत होते आणि रिझर्व्ह बँक ते ३१ रुपये ३७ पैसे दराने उचलत होती. मार्च १९९३ मध्ये साडेसहा अब्ज डॉलरांच्या आत असलेली परकीय चलनाची शिल्लक वर्षभरात पंधरा अब्जांवर आणि दोन वर्षांत वीस अब्जांच्या पुढे गेली. एक अब्ज डॉलर म्हणजे त्या दराने ३१३७ कोटी नवे रुपये. पहिल्या एका वर्षाचाच हिशेब सुमारे २७ हजार कोटींचा होतो. रिझर्व्ह बँकेचा मूळ पैसा त्या वर्षी २५ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि ही वाढ जवळजवळ सगळीच्या सगळी परकीय चलनाच्या खरेदीतून आली. १९९४-९५ मध्ये एकूण चलनपुरवठा सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. महागाईचा दर दोन आकडी झाला.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. सरकारने आपली तूट भागवण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडून हव्या तेव्हा नोटा छापून घेण्याच्या प्रथेला आवर घालणारा करार सप्टेंबर १९९४ मध्ये झाला. अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग आणि गव्हर्नर डॉ. चक्रवर्ती रंगराजन यांचे त्याबद्दल कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण पुढचे दार लावून घेतले जात असताना मागचे दार सताड उघडे होते. सरकारच्या तुटीसाठी छापलेला रुपया महागाई आणतो आणि डॉलर विकत घेण्यासाठी छापलेला रुपया महागाई आणत नाही, असा भेद बाजार करत नाही. बाजाराला रुपयाची जन्मपत्रिका ठाऊक नसते.

दहा टक्के महागाईचा अर्थ मध्यमवर्गीय वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. त्या गतीने सात वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. निवृत्त शिक्षकाने टपाल खात्यात ठेवलेली पुंजी, मुलीच्या लग्नासाठी घेतलेली विम्याची पॉलिसी, दूध संस्थेच्या पगारपत्रकातून वाचवलेली शेतकऱ्याची ठेव, यांवर बसणारा हा कर आहे. त्याचा कायदा झाला नाही, अंदाजपत्रकात त्याची ओळ नाही, आणि कोणा खासदाराने त्यावर हात वर केला नाही.

उसना तलाव

यावर पंडितांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, रिझर्व्ह बँक एका हाताने रुपये सोडते आणि दुसऱ्या हाताने कर्जरोखे विकून ते परत काढून घेते, तेव्हा महागाईचा प्रश्न येतोच कोठे? या क्रियेला त्यांनी वैद्यकातून उचललेले नाव दिले आहे, निर्जंतुकीकरण. नाव ऐकून वाटावे की रुग्ण बरा झालाच!

एप्रिल २००४ पासून यासाठी ‘बाजार स्थिरीकरण योजना’ सुरू झाली. येडगावच्या भाषेत सांगायचे तर कालव्यात सुटलेले जादा पाणी साठवण्यासाठी शेजारी भाड्याने घेतलेला तलाव. भाडे सरकारने, म्हणजे करदात्याने द्यायचे. २००७-०८ या वर्षात रिझर्व्ह बँकेने निव्वळ सुमारे ७८ अब्ज डॉलर खरेदी केले आणि गंगाजळी १९९ अब्जांवरून ३०९ अब्जांवर गेली. योजनेची मर्यादा आधी ६० हजार कोटींची होती, ती वाढवत अडीच लाख कोटींपर्यंत न्यावी लागली. मार्च २००८ अखेर या योजनेखाली सुमारे १ लाख ६८ हजार कोटींचे रोखे थकीत होते. सात टक्के व्याज धरले तरी वर्षाचे भाडे बारा हजार कोटींच्या घरात जाते. त्या बदल्यात आलेले डॉलर अमेरिकी सरकारच्या रोख्यांत, त्याहून कितीतरी कमी व्याजावर पडून होते. फेब्रुवारी २००८ मध्ये साठ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा तिजोरीच्या काळजीने अनेकांची झोप उडाली. तिजोरीतून दर वर्षी जाणाऱ्या या भाड्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही.

आणि इतके करूनही पाणी कालव्याबाहेर आलेच. बँकांनी रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी ठेवायच्या रकमेचे प्रमाण डिसेंबर २००६ मधील पाच टक्क्यांवरून ऑगस्ट २००८ पर्यंत नऊ टक्क्यांवर न्यावे लागले. त्या ऑगस्टमध्ये घाऊक महागाईचा दर तेरा टक्क्यांच्या उंबरठ्यावर होता. कच्च्या तेलाने त्या वर्षी जगभर कहर केला होता हे खरे, आणि सगळे पाप डॉलरखरेदीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आग बाहेरून आली तरी घरात रॉकेल सांडलेले होते, हे कसे नाकारणार?

उलटा प्रवाह

पातळी चढू न देण्याचा हट्ट जसा महाग पडतो, तसाच ती उतरू न देण्याचाही. हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीवरून १९२७ च्या कायद्याने रुपया एक शिलिंग सहा पेन्सवर, म्हणजे त्याच्या कुवतीपेक्षा वर, बांधला गेला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी आयोगातच भिन्नमतपत्रिका जोडली होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी रान उठवले. ती पातळी राखण्यासाठी सरकारने देशातील चलन आखडते घेतले, आणि त्याच सुमारास जागतिक मंदी येऊन आदळली. शेतमालाचे भाव कोसळले. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र पूर्वीइतकेच राहिले. १९३१ नंतर दख्खनच्याच नव्हे, तर साऱ्या देशाच्या खेड्यांतील सोने बाजारात आले आणि मुंबई बंदरातून बोटींनी लंडनला गेले. अडल्या घरांचे ते सोने होते. महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरील कर रद्द करण्याच्या मागणीबरोबरच रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर आणण्याचीही मागणी होती. मिठाची मागणी शाळकरी मुलांनाही पाठ आहे. दुसरी कोणाच्या स्मरणातही नाही!

अलीकडचे उदाहरण एवढे भीषण नाही, पण तत्त्व तेच आहे. सप्टेंबर २०२४ अखेर गंगाजळी ७०४ अब्ज डॉलरांवर होती. नंतरच्या महिन्यांत रुपया सावरण्यासाठी डॉलर विकले गेले. डॉलर विकताना रिझर्व्ह बँक रुपये आत ओढून घेते; बँकांकडे पैशाची चणचण निर्माण झाली. मग डिसेंबर २०२४ मध्ये राखीव रकमेचे प्रमाण साडेचारवरून चार टक्क्यांवर आणावे लागले आणि जानेवारी २०२५ मध्ये रोखे विकत घेऊन बाजारात पुन्हा पैसा सोडावा लागला. एका दरवाजातून उपसायचे, दुसऱ्यातून भरायचे. धरणावरचा कर्मचारीही असा वागला तर त्याला कारण विचारले जाते.

कांद्याला शिक्षा

आता या साऱ्याचा येडगावशी संबंध. एक युक्तिवाद असा केला जातो की, स्वस्त रुपया शेतकऱ्याच्या हिताचा आहे, कारण जुन्नरची काळी द्राक्षे परदेशी जातात, कांदा जातो, आणि डॉलरचे रुपये अधिक मिळतात. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणूनच फसवा आहे. द्राक्ष बागायतदाराला कंटेनरमागे चार पैसे अधिक मिळतात, हे मान्य. परंतु त्याच्या बागेला लागणारे पालाश पूर्णपणे परदेशातून येते. डीएपी किंवा त्याचा कच्चा माल बाहेरून येतो. पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या डिझेलमागचे कच्चे तेल सुमारे ८५ टक्के आयात होते. जहाजाचे भाडे डॉलरमध्येच मोजावे लागते. निर्यातीचा फायदा हंगामात एकदा आणि तोही वाटेतल्या सर्वांचा वाटा वजा जाऊन हाती येतो. महागाई मात्र रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर दारात हजर असते. ज्याच्याकडे द्राक्षबाग नाही, दोन एकर कांदा आणि दोन गाई आहेत, त्याच्या वाट्याला तर पहिला भाग येतच नाही.

आणि खरा अन्याय पुढेच आहे. महागाई वाढली की सरकार काय करते? रुपये किती सोडले गेले याचा हिशेब मांडत नाही. ते कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालते. सप्टेंबर २०१९ मध्ये घातली, सप्टेंबर २०२० मध्ये घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबर २०२३ मध्ये संपूर्ण बंदी केली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. शुल्क पूर्णपणे हटायला एप्रिल २०२५ उजाडावा लागला. ओतूरच्या आणि आळेफाट्याच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्या माणसाने ना डॉलर खरेदी केले होते, ना नोटा छापल्या होत्या. बंद मात्र त्याची वाट झाली. ज्या सरकारने निर्यात वाढावी म्हणून रुपया स्वस्त ठेवण्याची उठाठेव होऊ दिली, त्याच सरकारने निर्यात थांबवली. आणि हे करताना पक्षभेद नसतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. २०१९ ते २०२४ या काळातील बंदीहुकूम काही विरोधी पक्षांनी काढलेले नव्हते.

येथे भाववाढ आणि महागाई यांतील फरक समजून घेतला पाहिजे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभर-दीडशे रुपयांचा टप्पा ओलांडला आणि वाहिन्यांनी आकांत मांडला. काही आठवड्यांतच भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी निघणे कठीण झाले. पाऊस लांबला, रोग आला, आवक घटली म्हणून एका जिनसाचा भाव चढतो आणि उतरतो. ती टंचाई आहे, आणि तो चढलेला भावच पुढच्या लागवडीचे निमंत्रण असतो. सगळ्याच वस्तूंचे भाव चढतात आणि पुन्हा खाली येत नाहीत, ती महागाई. टोमॅटो उतरतो, शाळेची फी उतरत नाही. कांदा उतरतो, खताचे पोते उतरत नाही. पहिल्या प्रकाराला कारण आभाळ असते. दुसऱ्याच्या मुळाशी शेवटी पैसा असतो, आणि पैसा माणसे निर्माण करतात.

लेण्यातला दर

जुन्नरला परकीय व्यापार शिकवण्याची कोणाला गरज नाही. नाणेघाटातून कोकणातील बंदरांचा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच प्रदेशात चढत होता आणि येथील लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा लेखही जुन्नरच्या लेण्यांत आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत आपल्या दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे. त्यात एका सुवर्णास पस्तीस कार्षापण हा दर स्पष्ट नोंदवला आहे आणि सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण असा गुणाकारही मांडला आहे. बाहेरून आलेल्या शक क्षत्रपांच्या राजवटीतही दर दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा कोरला गेला.

शिवनेरीवर जन्मलेल्या छत्रपतींनी तर याहून पुढची गोष्ट केली. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, हे त्याच्या मागण्यांतील एक कलम होते. नाणे चांगल्या धातूचे आणि पुऱ्या वजनाचे असेल तर त्याला कोणी अडवणार नाही, पण ज्यात आपल्या प्रजेचे नुकसान आहे असे नाणे घेण्याची सक्ती आपण प्रजेवर करणार नाही, असे उत्तर महाराजांनी दिल्याची नोंद इंग्रजांच्याच कागदपत्रांत आहे. चलनविषयक धोरणाची कसोटी प्रजेचे नुकसान ही होती. व्यापाऱ्याची सोय नव्हती.

आज काय स्थिती आहे? २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महागाई चार टक्क्यांवर, दोन टक्के इकडे-तिकडे, राखण्याचे उद्दिष्ट आले आणि व्याजदर ठरवण्यासाठी सहा जणांची पतधोरण समिती आली. ही सुधारणा स्वागतार्हच होती. सदस्यांची मते नोंदली जातात, बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध होते, उद्दिष्ट हुकले तर सरकारला लेखी कारण द्यावे लागते. पण डॉलर घ्यायचे की विकायचे, किती आणि कोणत्या भावापर्यंत, हा निर्णय या समितीपुढे येत नाही. रिझर्व्ह बँक आपल्या मासिक पत्रिकेत खरेदी-विक्रीचे आकडे देते, तेही सुमारे दोन महिन्यांनी. कारण कधीच देत नाही. आपण कोणतीही पातळी राखत नाही, केवळ अवाजवी चढउतार रोखतो, हे एकच वाक्य वर्षानुवर्षे ऐकवले जाते. १९९३ ते १९९५ या काळातील ३१ रुपये ३७ पैसे हाही बहुधा अवाजवी चढउतार रोखण्याचाच प्रकार असावा!

परकीय सत्तेला १९२७ साली रुपयाचा दर विधेयकात लिहून केंद्रीय विधिमंडळापुढे आणावा लागला होता. तेथे त्यावर घनघोर चर्चा झाली, मतदान झाले, आणि सरकार निसटत्या बहुमताने तरले. दर दिवसाचा भाव संसदेने ठरवावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. बाजार तसा चालत नाही आणि सटोडियांना तो मेवाच ठरेल. पण वर्षभरात किती डॉलर घेतले वा विकले, त्यापोटी किती रुपये निर्माण झाले वा आटले, ते शोषून घेण्यासाठी किती व्याज मोजले आणि हे सारे कोणत्या हेतूने केले, याचे निवेदन अंदाजपत्रकाबरोबर संसदेपुढे ठेवायला अडचण कोणती? मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला २ लाख ६८ हजार कोटींहून अधिक लाभांश दिला. त्यात डॉलर विकून झालेल्या नफ्याचा मोठा वाटा होता. नफा अंदाजपत्रकात दिसतो, तर मग खर्चच का दिसू नये?

महागाईच्या उद्दिष्टाचा फेरआढावा दर पाच वर्षांनी घेण्याची कायद्यात तरतूद आहे. २०२१ साली ठरलेली मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती आणि त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक चर्चापत्र काढून जनतेची मते मागवली. त्यात चार प्रश्न होते. उद्दिष्ट एकूण महागाईचे असावे की खाद्यपदार्थ व इंधन वगळून, चार टक्क्यांचा आकडा योग्य आहे काय, वर-खाली दोन टक्क्यांची मुभा बदलावी काय, आणि नेमका आकडा काढून केवळ पट्टा ठेवावा काय. विनिमय दराचा प्रश्न त्यात नव्हता.